आधी फोनमध्ये, मग क्लाउडवर

आमच्या ऑफिसात माणसं चार आणि किस्से चाळीस. कोड लिहिताना कोणी काही बोलत नाही, पण चूक सापडली की सगळे एकदम बोलायला लागतात. आणि चुका तर रोजच्या. चूक दुरुस्त होते, तिचा त्रास चार दिवसांत विसरला जातो, मागे उरते ती गोष्ट. मग नागपूरहून पाहुणे आले, की कोणीतरी म्हणतंच, "तो सांग ना, बोटीवाला." एक सांगितला की दुसरा आपोआप निघतो.

ऑफिस जबलपूरला, कांचघर नावाच्या वस्तीत, एका पीठगिरणीच्या वरच्या मजल्यावर. गिरणी सुरू झाली की टेबलावरचा चहा थरथरतो. चौघांत एक मी, माधवी. दुसरा इरफान, तो सर्व्हर आणि क्लाउड सांभाळतो. तिसरी रेवा, ती फोनमध्ये दिसणारं ॲप लिहिते. तिच्या घराच्या चार पिढ्या जबलपुरात गेल्या, त्यामुळे मराठी तिला सगळी समजते, पण बोलायला लागली की अर्ध्यात हिंदी सुरू होते. आणि चौथे देशकर काका, त्यांची ओळख पुढे येईलच.

आम्ही जे ॲप करतो, ते एका संस्थेच्या आरोग्य सेविकांसाठी. संस्थेचं ऑफिस नर्मदेकाठी तिलवाऱ्याकडे आहे, आणि सेविका जातात ती गावं धरणाच्या पाण्यापलीकडची. सगळे त्यांना दीदी म्हणतात. कोणती बाई गरोदर आहे, तिचं ब्लड प्रेशर किती, कोणत्या बाळाला कोणती लस झाली, हे सगळं त्या आधी वहीत लिहायच्या. वहीच्या जागी मोबाईल आणायचं काम आमच्याकडे आलं. सांगते ते किस्से त्यातलेच.

* * *

पहिलं ॲप फार सुंदर झालं होतं. सगळी माहिती क्लाउडवर, फोनमध्ये काही नाही. एक नाव टाका, सर्व्हरला विचारा, उत्तर हजर. कांचघरात ते इतकं पटपट चालायचं की आम्ही आपल्याच प्रेमात होतो.

ते दाखवायला गेलो फूलवती दीदीच्या गावात. फूलवती दीदी म्हणजे पंधरा वर्षं गावं पायाखाली घातलेली बाई. चबुतऱ्यावर बायका जमल्या. दीदींनी फोन घेतला, एका सुनेचं नाव टाकलं, बटण दाबलं. पडद्यावर गोल चक्र फिरायला लागलं.

ते फिरतच राहिलं. मी फोन हातात घेऊन उंच धरला. रेवा तो घेऊन शाळेच्या ओट्यावर चढली. इरफान म्हणाला, "बस आता ही है." दहा मिनिटं झाली. सुनेच्या मांडीवरचं पोर झोपून गेलं.

फूलवती दीदींनी फोन शांतपणे माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "मैडम, घूमती तो मैं भी हूँ दिन भर. फरक इतना है कि मैं कहीं पहुँच जाती हूँ."

आम्ही जीपने परत निघालो. तिलवाऱ्याचा पूल आला तेव्हा इरफान मला म्हणाला (तो मलाही दीदीच म्हणतो), "दीदी, हमने उल्टा बनाया है. डेटाबेस पहले फोन में होना चाहिए. क्लाउड बाद में."

"म्हणजे पूरा परत लिहावं लागेल," रेवा म्हणाली.

"लिहू," मी म्हटलं.

तीन महिने लागले. नवा नियम असा केला: दीदी जे लिहील ते आधी तिच्याच फोनमधल्या डेटाबेसमध्ये जाईल, नेटवर्क असो नसो. नेटवर्क सापडलं की फोन आपणहून ते क्लाउडवर पाठवेल, आणि तिकडे काही नवं असेल ते घेऊन येईल. वाक्य सोपं आहे. ते खरं करताना आमची काय अवस्था झाली, तेच पुढे.

* * *

देशकर काका माझ्या बाबांचे मित्र. बाबा रेल्वेत, काका दारूगोळ्याच्या फॅक्टरीत, तपासणी खात्यात. रिटायर झाल्यावर ते घरातल्या कुकरच्या शिट्ट्या तपासायला लागले, तेव्हा काकूंनी बाबांना निरोप पाठवला, आणि बाबांनी मला सांगितलं, "त्याले काही काम दे बाई. घर वाचव त्याचं."

काका आले, खुर्चीवर बसले आणि पहिला प्रश्न विचारला, "यात काय काय बिघडू शकते?"

मी म्हटलं, "काका, आता सगळं चालतंय."

त्यांनी चष्मा काढला. "माधवी, 'चालतंय' म्हणणाऱ्या माणसाला आम्ही मालाजवळ उभं करत नव्हतो."

दुसऱ्या दिवशी ते काकूंचा शंकरपाळ्यांचा स्टीलचा डबा घेऊन आले. फोनला स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळायची, डब्यात ठेवायचा, झाकण घट्ट लावायचं, की नेटवर्क गेलं. झाकण उघडलं की आलं. काकांना असं खेळणं हवंच होतं. एका बाळाची नोंद करायची, ती क्लाउडकडे निघाली रे निघाली की फोन डब्यात टाकायचा. पुन्हा उघडायचा, पुन्हा बंद करायचा. आम्ही हसत होतो. इरफान तर म्हणाला, "काका, कोई दीदी फोन को डिब्बे में नहीं रखेगी."

"नाही ठेवणार," काका म्हणाले. "पण डोंगराआड जाईल का नाही?"

संध्याकाळी त्यांनी एक कागद माझ्या टेबलावर ठेवला. झालं असं होतं की फोन नोंद पाठवायचा, ती पोचायची, पण "पोचली" असा सर्व्हरचा निरोप परत यायच्या आत नेटवर्क तुटायचं. फोनला वाटायचं गेलीच नाही, म्हणून तो पुन्हा पाठवायचा. काकांच्या सुवाच्य अक्षरात कागदावर एवढंच होतं:

"एक बाळ. सात वेळा जन्म. नामंजूर."

त्या आठवड्यात रेवाने प्रत्येक नोंदीला फोनमध्येच जन्मतः एक स्वतंत्र नंबर द्यायची सोय केली. तोच नंबर पुन्हा आला तर क्लाउड ओळखतो, ही आपलीच, ही आलेली आहे. त्यानंतर आमच्याकडे कोणतंही बाळ दोनदा जन्मलेलं नाही. कागद इरफानने भिंतीवर लावला. कोणी नवं भेटायला आलं की तो आधी तो कागद दाखवतो, जणू त्यालाच बक्षीस मिळालं.

* * *

डब्याने काकांचं समाधान झालं नाही. "डबा म्हणजे डबा आहे. खरी जागा पाहिजे," असं म्हणत एका रविवारी ते काकूंना आणि नागपूरहून आलेल्या पाहुण्यांना घेऊन भेडाघाटला गेले. आम्हाला काही बोलले नाहीत.

संगमरवराच्या कड्यांमधून बोट आत शिरली की नेटवर्क जातं. नावाडी आपली नेहमीची यमकांची तुकबंदी म्हणत होता, पाहुणे फोटो काढत होते, आणि काका एकेकाचं नाव, वय विचारून फोनमध्ये भरत होते. ॲप गरोदर बायकांचं, त्यामुळे भरायला दुसरा फॉर्मच नव्हता. काकूंनी विचारलं, "काय लिहून राहिले?" काका म्हणाले, "ऑफिसचं आहे."

बोट घाटाला लागली. फोनला नेटवर्क मिळालं.

इरफान त्या वेळी घरी जेवत होता. त्याच्या फोनवर सर्व्हरचा निरोप आला, एकाच गावात एकाच वेळी चौदा नव्या गरोदर महिला. सगळ्यांत धाकटी एकोणीस वर्षांची, थोरली अडुसष्ट. चौदांपैकी सहा पुरुष. त्याने घास ताटात ठेवला आणि काकांना फोन लावला.

"काका, काकी को कौन सा महीना है?"

काकांनी उलट विचारलं, "चौदाच्या चौदा पोचल्या का?"

"पहुँच गईं."

"मग ठीक आहे," म्हणाले आणि फोन ठेवला.

सोमवारी रेवाने वयाची आणि स्त्री की पुरुष याची पडताळणी ॲपमध्ये टाकली. काकूंची नोंद मात्र आम्ही तपासणीच्या सर्व्हरवर तशीच ठेवली आहे. त्यांनी स्वतः सांगितलं, "राहू दे, या वयात कोण विचारतं."

* * *

एक छोटासा. नोंदी क्लाउडवर पोचल्या की दीदींना ते कळावं, म्हणून पडद्यावर एक ओळ यायची. शब्द निवडायचं काम मी केलं होतं. क्लाउड म्हणजे वर, म्हणून सरळ साधी हिंदी लिहिली. दोन दिवस सगळं छान. तिसऱ्या दिवशी संस्थेच्या डॉक्टरबाईंचा फोन आला. एक नवी दीदी रडत रडत त्यांच्याकडे आली होती. नेटवर्क सापडल्याबरोबर तिच्या फोनवर आलं होतं:

"आज आपके ९ मरीज़ ऊपर चले गए."

तेव्हापासून मजकुराची मंजुरी काकूंकडे असते.

* * *

आता जो सांगते, त्यावर आम्ही हसत नाही.

एका गरोदर बाईचं ब्लड प्रेशर संस्थेच्या डॉक्टरबाईंनी शिबिरात मोजलं. खूप जास्त होतं. त्यांनी आपल्या फोनमध्ये ते लिहिलं. त्याच्या दहा मिनिटं आधी फूलवती दीदींनी त्याच बाईचं मोजलं होतं, तेव्हा ते ठीक आलं होतं. दोन्ही फोन संध्याकाळी क्लाउडला जोडले गेले. आमचा नियम असा, की एकाच रकान्यात दोन आकडे आले तर जो नंतरचा, तो ठेवायचा. म्हणजे डॉक्टरबाईंचा राहायला हवा होता. राहिला दीदींचा. धोक्याचा आकडा पुसला गेला.

डॉक्टरबाईंना तो आकडा तोंडपाठ होता, म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी यादीत ती बाई "सामान्य" दिसली तेव्हा त्यांनी थेट गाडी पाठवली, तिला दवाखान्यात आणलं, आणि मग मला फोन केला. ओरडल्या नाहीत. "माधवी, मी विसरले असते तर?" एवढंच म्हणाल्या.

इरफान दोन दिवस त्या एका नोंदीमागे होता. शेवटी आम्ही फूलवती दीदींकडेच गेलो. त्यांचा फोन हातात घेतला आणि रेवाने माझ्या मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. दीदींचा फोन वीस मिनिटं पुढे होता.

"दीदी, फोन का टाइम किसने बदला?" रेवाने विचारलं.

"मैंने. बस छूट जाती थी ना. बीस मिनट आगे रखती हूँ, तो कभी नहीं छूटती."

म्हणून त्यांचा प्रत्येक आकडा क्लाउडला वीस मिनिटं ताजा वाटायचा. इरफानने समजावून सांगितलं, वेळ बरोबर करा म्हणून विनंती केली. दीदींनी सगळं ऐकून घेतलं. त्या गरोदर बाईचा विषय निघाला तेव्हा त्यांचे डोळे भरले. पण फोन त्यांनी पदरात धरला.

"भैया, घड़ी तो आगे ही रहेगी. बस छूटी तो छह गाँव छूटेंगे. आप इतने पढ़े-लिखे हो, आप अपना कंप्यूटर ठीक करो."

इरफान म्हणाला, "सही बोल रही हैं."

आणि आम्ही केलं ठीक. आता क्लाउड कोणाच्याही फोनच्या घड्याळावर विश्वास ठेवत नाही. प्रत्येक फोन जोडला गेला की तो किती मिनिटं मागे-पुढे आहे हे आधी मोजून घेतो. आणि तब्येतीचा कोणताही आकडा दुसऱ्या आकड्याला पुसत नाही. दोन्ही राहतात, एकाखाली एक, कोणी मोजला त्याच्या नावासकट. त्या बाईला पुढच्या महिन्यात मुलगी झाली. फूलवती दीदींचा फोन आजही वीस मिनिटं पुढे आहे.

* * *

पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते, हे आम्हाला कोणी सांगायला नको होतं. पण ॲपला कोण सांगणार? सासरच्या गावात एका दीदीने नोंद केली, नाव पार्वती. सातव्या महिन्यात पार्वती पाण्यापलीकडे माहेरी गेली. तिथल्या दीदीने तिची नोंद केली, नाव छुटकी. दोन्ही गावांत नेटवर्क नाही, त्यामुळे दोन्ही फोनना एकमेकांचा पत्ता नाही. क्लाउडवर दोन बायका तयार झाल्या. एकीची तपासणी महिनाभर चुकलेली, दुसरी सात महिन्यांची होईस्तोवर कोणाला दिसलीच नाही.

सासरची दीदी रोज तिला शोधत होती, कारण ॲप लाल रंगात ओरडत होतं.

इरफानचं म्हणणं, कंप्यूटरनेच वय, नवऱ्याचं नाव, गाव जुळवून दोन्ही एक करावेत. काकांचं म्हणणं, "आणि नाही निघाल्या एक, तर? दोन बायकांचं रक्त एका कागदावर येईल." दोन दिवस वाद. रेवा मधेच उठली, "मी विचारून येते," म्हणाली आणि बस धरून माहेरच्या गावाला गेली.

पार्वती उर्फ छुटकी दारात तूर निवडत बसली होती. रेवाने तिला फोनवरच्या दोन्ही नोंदी दाखवल्या आणि विचारलं, यातली तू कोणती?

तिने दोन्ही पाहिल्या आणि हसली. "दीदी, नाम दो हैं. पेट तो एक ही है."

रेवा परत आली आणि तिने ॲपमध्ये एक नवी पाटी बनवली. दोन नोंदी सारख्या वाटल्या तर क्लाउड स्वतः काही ठरवत नाही. तो त्या गावच्या दीदीच्या फोनवर प्रश्न पाठवतो: "क्या ये दोनों एक ही हैं? मिलकर पूछिए." दीदी भेटते, विचारते, मग हो किंवा नाही दाबते. इरफानने ते पाहिलं आणि म्हणाला, "इतना सीधा?" रेवा तेव्हा पूर्ण मराठीत बोलली, जे ती खूश असली की हटकून बोलते. "काहून, सोपं नको होतं का तुला?"

* * *

मग एकदा संस्थेला मदत करणाऱ्यांनी मोठ्या शहरातून एक तज्ज्ञ पाठवले. साहेब सभ्य होते, हुशारही होते. आमच्या ऑफिसात बसून त्यांनी सगळं पाहिलं, खालची गिरणी सुरू झाली तेव्हा टेबल धरलं, आणि मत दिलं, की फोनमध्ये एक डेटाबेस आणि क्लाउडवर एक, हा दुहेरी कारभार उगाच आहे. नेटवर्क आता सगळीकडे पोचलंय. सगळं क्लाउडवर ठेवा, काम अर्धं होईल.

"अच्छा," काका म्हणाले. त्यांचं अच्छा फार लांब असतं.

दुसऱ्या दिवशी हेच मत साहेब दीदींसमोर मांडणार होते, पाण्याकाठच्या एका गावात, शाळेच्या खोलीत. पांढरी चादर लावली, प्रोजेक्टर मांडला. साहेबांनी लॅपटॉप उघडला. त्यांचं सादरीकरण क्लाउडवर होतं. ते उघडेना. त्यांनी फोनवरून प्रयत्न केला. बाहेर जाऊन केला. पिंपळाखाली जाऊन केला.

खोलीत वीस-पंचवीस बायका शांत बसलेल्या. आमच्यातलं कोणी एक शब्द बोललं नाही, ही माझ्या मते आमची आजवरची सगळ्यांत मोठी कामगिरी. फक्त रेवा काकांच्या कानात कुजबुजली, "यांचं पण आपल्यासारखंच होऊन राहिलं."

शेवटी फूलवती दीदी उठल्या. "साहब, जब तक आपका आता है, मैं अपना दिखा दूँ?" त्यांनी आपला फोन उघडला आणि वर्षभराचं काम दाखवायला सुरुवात केली. कोणती बाई, कितवा महिना, कोणतं बाळ, पुढची लस कधी. बोट लावलं की माहिती समोर. साहेब आधी उभे होते, मग त्यांच्या शेजारी सतरंजीवर बसले. दोन तास प्रश्न विचारत राहिले. त्यांच्या अहवालात आमच्याबद्दल एकच ओळ होती, की हे जसं आहे तसंच राहू द्यावं.

निघताना त्यांनी रेवाला बाजूला घेऊन विचारलं, आमच्या कंपनीत येशील का, मुलाखत ऑनलाइनच असते.

"नेटवर्क बघून सांगते, सर," रेवा म्हणाली. अजून सांगितलेलं नाही.

* * *

आणि हा शेवटचा.

एका शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमारास इरफान खुर्चीवरून उठून माझ्या टेबलापाशी आला. त्याचा चेहरा पाहून मला वाटलं घरून काही वाईट बातमी आली.

"दीदी, मैंने सब उड़ा दिया."

तो सगळी माहिती जुन्या क्लाउडवरून नव्या क्लाउडवर हलवत होता. एक आज्ञा चुकीच्या बाजूला दिली गेली. जुनं रिकामं झालं, आणि नव्यावर अजून काही गेलेलं नव्हतं. रोज आपोआप निघणारी एक जादा प्रत होती. ती उघडली तर आत काही नव्हतं. ती कधीपासून रिकामी निघत होती, हे आमच्यापैकी कोणी पाहिलं नव्हतं. सव्वीस दीदींचं काम, शेकडो बायका, शेकडो मुलं.

इरफान भिंतीला टेकून खाली बसला. काकांनी त्याला पाण्याचा ग्लास दिला आणि रेवाला विचारलं, "फोनमध्ये काय आहे?"

"ज्या दीदीची जी गावं, त्यांचं सगळं," रेवा म्हणाली. मग एकदम उभी राहिली. "इरफान, सर्वर बंद कर. अभी. कोई फोन जुड़ गया तो खाली क्लाउड उसको भी खाली कर देगा."

इरफान उठला आणि त्याने सर्व्हर बंद केला. एका मिनिटात. सगळं उडाल्यापासून तोवर कोणाला नेटवर्क सापडलं नाही, हे आम्हाला नंतर कळलं.

शनिवार आणि रविवार रेवाने उलटी वाट लिहिली: या वेळेला खरं फोनचं, आणि क्लाउडने त्याच्याकडून शिकायचं. काकांनी ती जुन्या फोनांवर तपासली. सोमवारी सगळ्या दीदी बस, जीप, बोट जे मिळेल त्याने तिलवाऱ्याला संस्थेच्या अंगणात जमल्या. इरफान दारात उभा राहिला आणि येणाऱ्या प्रत्येकीला त्याने स्वतः सांगितलं, "गलती मेरी थी. आपका काम मेरे हाथ से मिटा." मी त्याला सांगितलं नव्हतं. फूलवती दीदींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "हमारी लिखने वाली कॉपी भी तो भीग जाती थी, भैया. चलो, फोन लगाओ."

एकेक फोन जोडला. भिंतीवरच्या पडद्यावर आकडा चढायला लागला. एकेका गावाचं नाव यायचं आणि त्या गावची दीदी "आ गया" म्हणायची. दुपारपर्यंत पंचवीस फोन झाले. पंचवीसही पूर्ण.

सव्विसावा रामबाईंचा. रामबाई सगळ्यांत वयस्कर, धरणाच्या पार टोकाच्या दोन वस्त्या त्यांच्याकडे, आणि बोलणं इतकं कमी, की मी त्यांचा आवाज तोवर ऐकलेला नव्हता. सकाळी बोटीतून उतरताना त्यांचा फोन पाण्यात पडला होता. त्यांनी तो पदराने पुसून पुसून आणला होता. तो सुरू होत नव्हता.

रेवा त्यांच्यासमोर बसली आणि फोनचं बटण दाबून पाहत राहिली. रामबाईंनीच विचारलं, "कितने नाम थे?"

रेवाने संस्थेच्या छापील अहवालात आकडा पाहिला. "चौंसठ, बाई."

"लिखो."

त्यांनी डोळे मिटले आणि काठावरच्या पहिल्या घरापासून सुरुवात केली. घरामागून घर. कोणाची सून, कितवं बाळंतपण, प्रेशर किती, बाळाला कोणती लस आणि कधी. तारखा मात्र त्या तारखेने सांगत नव्हत्या. "हरछठ के दूसरे दिन," म्हणायच्या (हा तिकडचा बायकांच्या उपासाचा सण), किंवा "जिस मंगल को हाट नहीं भरा." काका भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेऊन बसले आणि दिवस शोधून देत राहिले. रेवा लिहीत राहिली. बाकीच्या दीदी घरी जायला मोकळ्या होत्या, पण एकही उठली नाही. चार वाजता रामबाईंनी डोळे उघडले. "हो गए?" रेवाने मोजले. चौसष्ट.

काका मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "बाईवर माझा भरवसा आहे. पण पडताळल्याशिवाय मी सही कशी करू?" आम्ही त्या चौसष्ट नोंदींपुढे "तात्पुरतं" असं लिहिलं.

फोन बाजारात एका कारागिराकडे दिला. दहा दिवसांनी त्याने तो कसाबसा चालू केला, आणि आतला डेटाबेस जसाच्या तसा निघाला. काकांनी दोन्ही याद्या छापून घेतल्या आणि लाल पेन्सिल घेऊन बसले. चौसष्टमधल्या त्रेसष्ट अक्षरन् अक्षर जुळल्या. एका मुलीच्या लसीची तारीख मात्र वेगळी होती. रामबाईंनी सांगितली त्याच्या चार दिवस पुढची, फोनमध्ये.

मी म्हटलं, "काका, एवढं चालायचं."

त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. दुसऱ्या दिवशी ते आणि रेवा बोटीने त्या वस्तीवर गेले. मुलीच्या आईने पत्र्याची पेटी उघडली, कपड्यांखालून लसीचं कार्ड काढलं. काकांनी ते उजेडात धरलं.

चूक फोनची होती.